रेवाच्या वहाणा

रेवाला शेकोटीपाशी बसवायचं, पाणी पाजायचं आणि उठायचं, एवढंच वैजयंताला सांगितलं होतं. पण नुसतं बसणं तिला कधी जमलंय?

दुपारी ओटा पुसून झाला की ती हॉलमधल्या दिवाणावर यायची, मैथिलीचं कडं मनगटात चढवायची, चष्मा डोळ्यांवर घ्यायची, आणि फलटणच्या त्या दोन खोल्या-किचनमधून थेट नाणेघाटाच्या पायथ्याशी जाऊन पोचायची. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक काफिला मुक्कामाला असायचा. बैल, गोण्या, रांजण, शेकोटीभोवती पेंगणारी माणसं. त्यांतलीच एक वैदूबाई म्हणजे रेवा. रेवा मैथिलीची होती. तिनं घडवलेली, तिच्या नावावर नोंदलेली. आत्याकडे, वैजयंताकडे, फक्त सांभाळायला दिलेली.

या घरात सांभाळायला द्यायच्या गोष्टी सगळ्या आत्याकडेच येत. भावाच्या, धनंजयदादाच्या, गोळ्या, कुंड्यांचं पाणी, गॅसवरचं दूध, आणि आता ही रेवा.

रेवाच्या मागचं प्रकरण होतं मैथिलीच्या लग्नाचं. पत्रिका बघणारे लोक अजून होते, नाही असं नाही. पण शिकल्यासवरल्या घरांत आता छायामापन करत. मुलगा-मुलगी दोघांनी एकेक पात्र घडवायचं, एका काफिल्यात शिरायचं आणि काही आठवडे खेळायचं. मग छायामापन केंद्रातल्या बाई दोघांच्या सावल्या शेजारी-शेजारी ठेवून सांगत, जमेल की नाही.

हे सगळं निघालं होतं खेळांच्याच अभ्यासातून. भित्रा माणूस खेळात शूर योद्धा का होतो, अबोल मुलगी बडबडी राणी का घडवते, असलं काहीतरी काही मानसशास्त्रज्ञ शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या निर्णयांवरून खेळणाऱ्याचा काही पत्ता लागत नाही. लढायचं की पळायचं, धान्य वाटायचं की लपवायचं, अशा वेळी माणूस विचार करतो, आणि विचार करणारा माणूस स्वतःला हवं तसं मिरवतो. पण काहीच घडत नसतं तेव्हा? पात्राला कुठे बसवलं, तोंड कुणीकडे केलं, कंटाळा आल्यावर हाताला काय चाळा लावला, तिथे सोंग आणायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. अशा हजारो बारक्यासारक्या हालचाली गोळा केल्या की त्यांतून स्वभावाची एक आकृती उमटते. लांबून नुसत्या चालीवरून आपण ओळखीचा माणूस ओळखतो ना, तशी. पात्र राजा असो नाहीतर भिकारी, सावली खेळणाऱ्याचीच पडते. म्हणजे छायामापनाच्या यंत्राला हवा होता तो सगळा रिकामा वेळ.

आणि मैथिलीचा रिकामा वेळ आत्याकडे होता.

खेळ कुणासाठी थांबत नाही, ही त्या खेळातली मेख. पात्राला दिवसा थोडा वेळ तरी जागं ठेवावं लागे, नाहीतर ते बाद होई आणि सगळं पहिल्यापासून. मैथिली डाळिंबाच्या रोपवाटिकेत कामाला, आणि तिकडे कलमांचा हंगाम ऐन भरात. संध्याकाळी ती चष्मा लावायची, तन्मय जगदाळेच्या पात्राशी, एका बैलवाल्याशी, गप्पा मारायची, काफिल्यावर संकट आलं तर काय ते निर्णय घ्यायची. दुपारसाठी तिनं आत्याला कडं दिलं. ते कडं नाडीवरून माणूस ओळखायचं, पण नोंदणीच्या दिवशी एकदाच. नंतर आत ऊबदार मनगट असलं की त्याचं भागत असे.

"आतू, काही करू नकोस हं. नुसती बसव तिला."

"नुसतीच बसवते गं. मला काय कळतंय त्यातलं."

पहिले एक-दोन दिवस बसवली. मग वैजयंताचेच पाय शिवशिवायला लागले. तिनं रेवाला उठवलं, बैलांना ओलांडून मुक्कामाच्या कडेला नेलं. तिथून घाटाची वाट वर चढत होती, दगडात खोदलेली, वळणावर नाहीशी होणारी. रेवा तिथे उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. शेकोटीपाशी बसायचंच झालं तर वैजयंता तिला वाटेकडे तोंड करून बसवायची, आणि बसण्याआधी तिच्या वहाणा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायची. एकदम उठावं लागलं तर बरं पडतं. त्यात काही विशेष आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

* * *

केंद्र साताऱ्याला होतं. बाकी सगळं बदललं तरी पोहे तेच होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. एका बाजूला जगदाळे मंडळी, दुसऱ्या बाजूला धनंजयदादा, मैथिली आणि बशी हातात घेऊन वैजयंता. तन्मय उंच, जरा वाकून बसणारा, लाजाळू मुलगा होता. लडाखच्या पठारावर सौरवीज केंद्रात त्याची पाच वर्षांची नेमणूक झाली होती. बायको बरोबर यावी अशी त्याची फार इच्छा होती, आणि मैथिलीला तो आवडला होता हे तिच्या कानांच्या रंगावरून कुणालाही कळलं असतं.

"मैथिलीची सावली इतकी स्वच्छ आहे की मला कौतुक वाटलं," केंद्रातल्या टिळेकरबाई म्हणाल्या. "ही मुलगी वाटेवरची आहे. सगळा काफिला शेकोटीकडे तोंड करून बसतो, हिची रेवा वाटेकडे. सगळ्यांच्या मागून जेवते आणि सगळ्यांच्या आधी उठते. आणि वहाणा! एवढ्या दिवसांत एकदाही तिनं त्या आत तोंड करून ठेवल्या नाहीत."

वैजयंताच्या हातातली बशी कलली. पोह्यांतला एक शेंगदाणा सतरंजीवर पडला आणि ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"मी असं करत होते?" मैथिलीनं विचारलं.

"सगळे हेच विचारतात," टिळेकरबाई हसल्या. मग जरा गंभीर झाल्या. "अशा माणसाला घरात ठेवलं तर ते राहतं. हसतमुखानं राहतं, सगळ्यांचं करतं, कुणाला पत्ताही लागू देत नाही. पण आतून झिजत जातं. हिला बाहेर पडू द्या. लडाख म्हणजे हिच्यासाठी घरच आहे असं समजा."

तन्मय पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. "मी पाहिलंय तिला तिथे उभी असलेली. दुपारी ऑफिसातून मधेच डोकावायचो. काही बोलायची नाही, नुसती वाटेकडे बघायची."

दादानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "आम्हाला कधी कळलंच नाही गं," तो म्हणाला.

वैजयंतानं ते ऐकलं. इतक्या वर्षांत कुणी आपल्याला असं म्हणावं म्हणून तिनं वाट बघितली नव्हती, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता ते शब्द तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन पडले होते, आणि तिला उठून ओरडावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "आणखी कुणाला चहा हवाय का?"

* * *

तारीख ठरली. त्यानंतर घरात जे सुरू झालं त्यानं वैजयंताचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

मैथिली बदलायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण यंत्रानं सांगितलं होतं ना! लहानपणापासून झाडा-रोपांत रमणारी ही पोर, ज्यांच्यापासून कलमं काढतात त्या मातृवृक्षांना नावं देणारी, एक कलम दगावलं तर रात्री न जेवणारी, ती आता जेवताना खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसू लागली. पुण्याहून जाडजूड बूट आणले. घरात शिरताना चपला काढायची, दोन पावलं आत यायची, मग आठवण होऊन मागे फिरायची आणि त्या बाहेर वळवायची.

"आज पण विसरत होते बघ," ती हसून म्हणायची.

विसरायला होतं तो स्वभाव कसला, असं वैजयंताच्या अगदी ओठांवर यायचं.

"आतू, शाळेच्या सहलीला मी रडायचे ना?" एकदा भाजी निवडता निवडता मैथिली म्हणाली. "आपण समजायचो की घाबरते. ते तसं नसणार. मला आणखी लांब जायचं असेल. लहानपणी सांगता येत नाही ना."

"तू घाबरूनच रडायचीस. माझा पदर सोडायची नाहीस."

"तुला काय माहीत गं माझ्या आतलं? मलाच माहीत नव्हतं."

मग एक दिवस तिनं नोकरीचा राजीनामा दिला. घरी आली, हसत हसत सांगितलं, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजाखालून रडणं ओळखायला वैजयंताला शिकवावं लागत नव्हतं. ती विद्या तिचीच होती.

ती स्वतः एकदाच लांब गेली होती. तिशीची असताना एका सहल कंपनीत लागली, चाळीस प्रवाशांची बस घेऊन हिमाचलला गेली, आणि परत येताना बसच्या पुढच्या सीटवर बसून तिनं ठरवलं होतं की आता आयुष्यभर हेच. पुण्यात उतरली तेव्हा दादाचा फोन आला. वहिनी गेली होती. मैथिली तेव्हा रांगत होती. वैजयंता दोन महिन्यांसाठी फलटणला आली. बॅग माळ्यावर टाकली. तिला कुणी डांबून ठेवलं नव्हतं, कुणी वाईट वागलं नव्हतं. तेच तर. तक्रार करायला जागाच नव्हती.

आता बोलायचं तर काय बोलायचं? मैथिलीचं ठरलेलं लग्न मोडेल, हा एक धोका. दुसरा तिला जास्त छळत होता, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. ती सावली माझी आहे, असं म्हटलं की दादाला कळणार, की त्याच्या घरात त्याची बहीण सव्वीस वर्षं दाराकडे बघत बसली होती. मग या घरातल्या प्रत्येक पोळीची, प्रत्येक दुखण्याच्या उशाशी बसण्याची किंमत काय उरली?

तिच्या हातून दूध उतू गेलं. आमटीत मीठ दोनदा पडलं. दादानं मुकाट खाल्लं.

* * *

रविवारी सकाळी मैथिली गच्चीवरून लिंबाची कुंडी घेऊन उतरली. शाळेत असताना तिनं बी रुजवून वाढवलेलं झाड. शेजारच्या काकूंना द्यायला निघाली होती, आणि दाराशी आल्यावर तिला ती कुंडी खाली ठेववेना, उचलून नेववेना.

"ठेव ती खाली," वैजयंता म्हणाली. "मैथिली, ती सावली तुझी नाहीये."

"म्हणजे?"

"माझी आहे."

मैथिली हसलीच. "तुझी? आतू, तुला पुण्याला चल म्हटलं तरी तू विचारतेस, दुधाचं काय?"

"घरात कुणीतरी विचारायला लागतं म्हणून विचारते." वैजयंताचा आवाज चढला. "दुपारी रेवा माझ्याकडे असायची. मी तिला उठवायचे. वाटेवर न्यायचे. वाटेकडे तोंड करून मी बसवायचे. तू बोललीस, तू निर्णय घेतलेस, पण यंत्रानं ते बघितलंच नाही. त्यानं रिकामा वेळ बघितला. तो माझा होता."

"मी तुला नुसतं बसवायला सांगितलं होतं!"

"मला बसवेना."

मैथिलीच्या चेहऱ्यावर अजून विश्वास नव्हता. चिडचिड होती, आत्या काहीतरीच बोलतेय अशी. आणि मग तिची नजर उंबऱ्याकडे गेली.

तिथे तिघांच्या चपला होत्या. मैथिलीच्या आज विसरल्या होत्या, एक इकडे, एक कुंडीच्या मातीत उलटी. दादाच्या आत तोंड करून, जशा पायातून निघाल्या तशा. आणि भिंतीच्या कडेला वैजयंताच्या, जोडीनं, टाचा घराकडे आणि तोंड फाटकाकडे. त्या तशा असतात हे वैजयंतालाही त्याच क्षणी दिसलं.

मैथिली बराच वेळ बघत राहिली. दादा केव्हा पेपर हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला होता ते दोघींना कळलं नाही.

"त्या नेहमीच तशा असतात," तो हळूच म्हणाला. "मी रोज बघतो. मला वाटायचं, वैजूला नीटनेटकं आवडतं."

मग मैथिलीचा बांध फुटला. "इतके दिवस गप्प बसलीस? मी राजीनामा दिला! मी स्वतःला खोटी समजायला लागले होते, आतू! मला झाडं सोडवत नाहीत म्हणून मी स्वतःवर चिडत होते!"

"तुला तो आवडला होता," वैजयंता म्हणाली. "आणि दादाला कळेल म्हणून मी भ्यायले. दोन्ही खरं आहे."

* * *

मैथिलीनं तन्मयला त्याच दिवशी बोलावलं. तो आला, ऐकलं, आणि पाण्याचा ग्लास हातात धरून बसला. माणूस सरळ होता, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं.

"संध्याकाळचं तुझं बोलणं मला आवडायचं, मैथिली. अजून आवडतं. पण ठरवलं होतं मी दुपारी. ती एकटीच वाटेवर उभी असायची ना, तेव्हा." एवढं बोलून त्यानं नकळत वैजयंताकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला आणि घाईघाईनं म्हणाला, "आत्या, म्हणजे तसं नव्हे."

"कळलं रे बाबा," वैजयंता म्हणाली. त्या अवघड वेळीही तिला हसू आलं.

"मला थोडा वेळ दे," तो मैथिलीला म्हणाला.

"घे की. पण मी लडाखला येणार नाही. हे मला आज कळलेलं नाही, आधीपासून माहीत होतं. यंत्रानं सांगितलं म्हणून विसरले होते."

तो एकटाच लडाखला गेला. तिथून अधूनमधून त्याचा फोन येई, मैथिली गच्चीवर जाऊन बोले. पुढे काय होईल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि या खेपेला ते कुणाला विचारायलाही गेले नाहीत. रोपवाटिकेच्या साहेबांनी राजीनामा कपाटातून काढून तिच्या हातात परत ठेवला.

आत्याशी मात्र ती बोलेना. ताटावर येई, जेवे, ताट उचलून नेई. घर लहान, त्यामुळे अबोला मोठा वाटे. वैजयंता या खोलीतून त्या खोलीत करत राही. कडं आणि चष्मा केंद्राला परत गेले होते. दुपारी दिवाणावर बसलं की डोळ्यांसमोर ती दगडातली वाट येई, वळणावर जाऊन नाहीशी होणारी. त्या वळणापलीकडे काय आहे हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. रेवाला पायथ्याशीच ठेवायचं होतं ना.

एका सकाळी मैथिली स्वयंपाकघरात आली आणि ते जाडजूड बूट तिनं ओट्यापाशी आदळले.

"दुकानदार परत घेत नाही. दोन-दोन मोजे घातलेस तर तुला होतील."

"मला कशाला?"

"आतू, तू जा ना कुठेतरी! तू समोर असलीस की मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही. लगेच तू गरम पोळी वाढतेस. मला तुझ्यावर चांगलं मनसोक्त रागावायचंय. आणि मग तुझी आठवण काढायचीय. दोन्ही तू इथे असताना कसं करू?"

वैजयंतानं गॅस बंद केला. मग पोरीला जवळ घेतलं, आणि मैथिली तिच्या खांद्यावर लहानपणी सहलीच्या बसपाशी रडायची तशीच रडली.

माळ्यावरची बॅग दादानं काढून दिली. तिचा एक बंद कुजला होता, तो त्यानं सुतळीनं बांधला. जाण्याच्या दिवशी चहाही त्यानंच केला. साखर इतकी पडली होती की वैजयंताचे ओठ चिकटले, तरी तिनं कप रिकामा केला.

"कुठे जाणार?" त्यानं विचारलं.

"आधी जुन्नरला. तिथून नाणेघाट. ती वाट वर कुठे निघते ते बघते."

"आणि मग?"

"तिथून ठरवते."

"तुला जायचं होतं, वैजू, तर तेव्हाच बोलायचंस."

"इथंही मला राहायचंच होतं रे, दादा. ती पोर माझ्या हाताचं बोट धरून चालायला शिकली. ते काही सोंग नव्हतं." हे बोलताना तिला कळलं की हे खरं आहे, आणि यंत्राला ते दिसलं नव्हतं.

दादानं मान हलवली. मग त्यानं बॅग उचलून दाराबाहेर ठेवली.

तिनं दोन-दोन मोजे चढवले, बूट घातले आणि फाटकापर्यंत गेली. कडी लावायला वळली तेव्हा दादा दारात वाकलेला दिसला. गुडघे धरत तो खाली बसला होता. भिंतीकडेला राहिलेल्या तिच्या चपला त्यानं उचलल्या आणि आत तोंड करून ठेवल्या, घरी आलेल्या माणसाच्या ठेवतात तशा. क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्या पुन्हा बाहेर वळवल्या.

वैजयंतानं फाटकाची कडी लावली आणि ती बसस्टँडकडे चालू लागली.